दुसरी हाक

घुंगरू वाजलं.

बैलाच्या जुन्या गळपट्ट्यातलं एकच घुंगरू, दाराच्या कडीला सुतळीनं बांधलेलं. सगळं घर निजलेलं असताना ते एकदाच, कुणी मुठीत धरल्यासारखं दबून वाजलं, आणि सखूला जाग आली ती उभी राहिल्यावरच. अंगावर पिणारं पोर तोंडातून सुटलं म्हणून कुरकुरायला लागलं. तिनं त्याला तसंच काखेला मारलं.

दार अर्धं उघडं होतं. बाहेर नुकतं फटफटत होतं. हरिचंद्र उंबऱ्यात उभा होता. एक हात कडीवर, एक हात घुंगराभोवती.

"कुठं निघालाव?"

"कुठं नाय. मुतायला."

"थांबा. मी येतंव."

"मुतायला जोडीनं जातात काय गो?" आतून गोदूबाईचा, त्याच्या आईचा, आवाज आला. "लग्नात पन येवढी चिकटली नव्हतीस."

सखू त्याच्या मागोमाग कुडाच्या कुंपणापर्यंत गेली आणि तोंड फिरवून उभी राहिली. तो परत वळला तेव्हा तिची नजर खाली गेली. त्याच्या पायांत फौजेतले बूट होते. टाचा झिजलेले, पुढं चीर गेलेले. नाड्या वरपर्यंत ओढून घट्ट बांधलेल्या. मुतायला जाणारा माणूस नाड्या बांधत नाही.

ओटीवर तो बसला. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली, पोराला मांडीत आडवं टाकलं आणि दोन्ही हातांनी नाड्या सोडायला लागली. दहिवरानं गाठ फुगली होती. तिनं ती दातानं सैल केली. तो तिच्या डोक्याकडं बघत होता.

"आज पन हजेरी झाली?" तिनं हळूच विचारलं.

"झाली."

"तुमचा नाव?"

"आला नाय अजून," तो म्हणाला. "वरची नावं चाललीत."

ब्रह्मदेशाच्या लढाईत हरिचंद्र रस्ते खणणाऱ्या पलटणीत होता. हातात बंदूक कमी आणि फावडं जास्त. रस्ते खणले, मग मेलेल्यांसाठी खड्डे खणले. खड्डे खणून झाले की सकाळी हजेरी. हवालदार एकेक नाव पुकारायचा आणि आदल्या दिवशी ज्याला मातीत घातलं त्याचंही नाव यायचं, कारण ते अजून कुणी खोडलेलं नसायचं. मग सगळी पलटण गप्प. हवालदार पुन्हा एकदा पुकारायचा आणि पुढचं नाव घ्यायचा. लढाई संपून तो गावी आला, देश स्वतंत्र झाला, लग्न झालं, वेणू झाली. हजेरी थांबली नाही. उलट गेल्या पावसाळ्यापासून रोज पहाटे व्हायला लागली.

श्रावणात एका सकाळी त्याचं नाव आलं. तो "हाजिर" म्हणाला आणि उल्हास नदीच्या डोहात चालत गेला. पलीकडच्या काठाला कातकरी वाडीतला कान्हा मासे धरायला बसला होता. त्यानं आरोळ्या मारत उडी घेतली आणि केसाला धरून ओढून काढलं. पाणी ओकल्यावर हरिचंद्र एवढंच म्हणाला, "माझा नाव पुकारला. ओ द्याची लागते."

गावाला त्यात नवल वाटलं नाही. डोहात आसरा, पाण्यातल्या बाया, होत्या, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आसरा ओळखीच्या आवाजात हाक मारतात, नाव घेऊन. भर दुपारी नाहीतर तिन्हीसांजेला नदीकडनं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. थांबायचं. खरा माणूस असेल तर दुसरी हाक मारतो. आसरांना दुसरी हाक मारता येत नाही. गोदूबाईनं हे आपल्या लेकाला पाळण्यात सांगितलं होतं, सुनेला आल्या दिवशी सांगितलं होतं आणि आता नातीला सांगत होती.

"फौजेत जाऊन इसरला," ती कपाळ बडवून म्हणाली. "पहिल्याच हाकेला ओ दिली माझ्या लेकान."

गावच्या पाटलानं मात्र निराळंच सांगितलं. "ह्यो बघ सखू, पाय घसरला. कळलं? कुनी इचारला तर पाय घसरला. जीव द्याला गेला असं फौजदाराच्या कानावर गेला तर बेडी घालून नेल."

"वाचलेल्या मानसाला?"

"वाचला म्हनून तर गुन्हा. मेला असता तर काय नव्हता."

तेव्हापासून कडीला घुंगरू होतं.

*

भात पिवळं होऊन आडवं पडायला लागलं होतं. कापणीला गावात कुणाला कुणाची सवड नव्हती. सखू विळा चालवायची आणि हरिचंद्र गवताचे बंद वळून पेंढ्या बांधायचा. विळा ती त्याच्या हातात देत नव्हती. कापता कापता दर वेळी कंबर ताठ करायच्या निमित्तानं मागं वळून बघायची. विळ्याचा हात पुढं आणि डोळा मागं, असं करून तिनं दोनदा स्वतःची करंगळी कापली. बांधावरचा पाला चावून लावला आणि पुन्हा वाकली. दूध साचून छाती दगडासारखी व्हायची, तेव्हा बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली पोराला घेऊन बसायची. तिथूनही तो दिसेल असं झाड तिनं निवडलं होतं.

पाच वर्षांची वेणू सांडलेल्या लोंब्या वेचायची. बापाजवळ माणूस लागतं, एवढं तिला आपसूक कळलं होतं. ती त्याच्या अवतीभोवती पेंढ्या मोजल्यासारखं करायची आणि मध्येच ओरडायची, "बा, हाय ना?"

"हाय गो."

सगळ्या गावासारखा हरिचंद्रही बायकोचं नाव घेत नसे. तिला बोलवायचं असलं की तो लेकीला हाक मारायचा. "वेणू गो!" म्हटलं की मायलेकी दोघी मान वर करत. कुठली हाक वेणूची आणि कुठली तिच्या आईची, ते आवाजाच्या चढावर कळायचं. सखूही त्याचं नाव घेत नव्हती. वेणूच्या नावाचा एक पूल होता आणि दोघं त्याच्यावरून येत जात.

कापणीच्या मधल्या एका दिवशी ती पाटीत शिराळी आणि तवशी घेऊन क्यांपात विकायला गेली. लढाईच्या वेळी बांधलेल्या बॅरकींत आता सिंधी निर्वासित राहत होते. त्याच बॅरकींत हरिचंद्रनं लढाईला जाण्याआधी काही रात्री काढल्या होत्या. त्या भिंतीवर आता कुणी पापड वाळत घालायचं. पापडवाली म्हातारी सखूची नेहमीची गिऱ्हाईक.

"मरद कैसा है तेरा?" तिनं तवसं दाबून बघत विचारलं.

"बरा हाय."

"झूठ बोलती है," म्हातारी म्हणाली. "मेरा भाई भी ऐसा बरा था. कराची से आया, बरा बरा बोलता था." तिनं एक तवसं जास्त घेतलं.

तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेली जीप आली. भोंग्यातला आवाज चिरका होता. शब्द निम्मे हवेत उडत होते. लढाईवरून परतलेल्या माणसांसाठी सरकारनं नवा हुकूम काढलाय, असं काहीतरी. ज्याला घरी आल्यावर झोप नाही, जीव नकोसा झालाय, अशा माणसाला पोलिसात देणार नाहीत. घरच्यांनी कळवावं. औषधपाणी सरकारचं.

सखू पाटी तिथंच ठेवून जीपमागं धावली. जीप थांबली तेव्हा तिला काय बोलायचं ते सुचेना. धाप लागली होती आणि पोलक्यावर दुधाचे डाग आले होते. पुढं बसलेल्या मिशीवाल्या माणसानं नजर दुसरीकडं वळवली आणि पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली.

"गाव सांगा, बाई," तो म्हणाला. "बाकीचं तिथं येऊन ऐकतो."

*

जीपमधला मिशीवाला रिटायर सुभेदार होता, साताऱ्याकडचा. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणाऱ्याकडं तो उजवा कान करायचा आणि त्यामुळं नेहमी कुठंतरी तिसरीकडं बघतोय असं वाटायचं. अंगणात बाजेवर तो बसला. पाटील आला होता. चार म्हातारे कुंपणापाशी उभे होते. हरिचंद्र जीप बघताच ताठ उभा राहिला होता आणि बस म्हटलं तरी बसत नव्हता. सखू दाराआड होती.

"पूर्वी असं काही झालं की आधी पोलीस," सुभेदार म्हणाला. "आता फौजेच्या माणसापुरतं वेगळं. आधी आमच्या हापिसात कळवायचं. पुण्याला दवाखाना आहे. तिथं ह्याच्यासारखीच माणसं आहेत. वेडी नव्हेत. थकलेली."

"पन साहेब," पाटील हसत म्हणाला, "ह्याचा तर पाय घसरला होता. मीच तपास केला."

"पाय घसरला?"

"शेवाळ, साहेब. श्रावणाचा महिना."

सुभेदारानं हरिचंद्रकडं बघितलं. हरिचंद्र समोरच्या तुळशीकडं बघत होता.

"तसं असलं तर मला उठावं लागेल," सुभेदार म्हणाला. "घसरलेल्या माणसाला न्यायचा मला हुकूम नाही. दवाखान्यात जागा थोड्या आहेत. कुणीतरी तोंडानं सांगितलं पाहिजे."

कोंबडी ओट्यावर चढली, गोदूबाईनं तिला हुसकलं. सुभेदारानं टोपी उचलली.

"घसरला नाय."

दाराआडून आलेला आवाज एवढा लहान होता की सुभेदारानं कान वळवला.

"काय म्हणालात, बाई?"

सखू उंबऱ्यापर्यंत आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पोर खांद्यावर. "घसरला नाय. आपल्या पायान गेला. रोज पहाटं बूट घालतान. मी घुंगरू बांधलाय म्हनून हाईत."

"अगो चांडाळनी!" गोदूबाई ओरडली. "भरल्या गावात माझ्या लेकाला येडा करतंस?"

पाटलाचा चेहरा उतरला. "साहेब, मी जे ऐकला तेच..."

"तुम्हाला कोण काय म्हणतंय, पाटील?" सुभेदार म्हणाला. "बसा." मग तो उठून हरिचंद्रच्या समोर जाऊन उभा राहिला. दोघंही ताठ. "जवान, खरं?"

हरिचंद्रचे ओठ हलले. तुळशीकडची नजर त्यानं काढली नाही, पण डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते पुसायला त्यानं हात उचलला नाही. हात मांड्यांना चिकटलेलेच राहिले.

"सोमवारी जागा होते आहे," सुभेदार म्हणाला. "सोमवारी गाडी आणतो. तोवर एकटं राहायचं नाही. आणखी एक. हा आमचा नवा नियम आहे, सगळ्यांना देतोय. जोडीदार धरायचा. मनात तसलं आलं, हजेरी ऐकू आली, की जोडीदाराला हाक मारायची. नाव घेऊन. अहो-जाहो नाही, शिट्टी नाही. नाव. नाव घेतलं की माणूस इथं राहतो. समजलं?"

"हाजिर."

"घरात तुझा जोडीदार कोण?"

हरिचंद्रनं हनुवटीनं दाराकडं दाखवलं. "ही."

"ही म्हणजे कोण? नाव घे."

कुंपणापाशी हशा पिकला. "लग्नात घेतला होता, साहेब," एक म्हातारा म्हणाला. "तवा पन मागून ढोसावा लागला होता!"

"वेणूची आय," हरिचंद्र म्हणाला.

"ते वेणूचं नाव झालं. हिचं?"

हरिचंद्र लाजला. चाळिशीला आलेला, गालफडं बसलेला माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याच्या तोंडावर किती महिन्यांनी असं काही आलेलं सखूनं बघितलं आणि तिनं पटकन तोंड पोराच्या मानेत लपवलं. तिला हसू आलं होतं. पोटात कुठंतरी दुखावं तसं हसू.

"राहू द्या साहेब," पाटील म्हणाला. "आमच्यात घेत नाईत."

"घेत नाहीत तर शिका," सुभेदार म्हणाला. जाताना उंबऱ्यापाशी थांबला. "बाई, तुम्ही बोललात ते सोपं नव्हतं." जीप धूळ उडवत गेली. गोदूबाई त्या दिवशी सुनेच्या हातचं जेवली नाही.

*

सोमवारपर्यंत. सखूच्या डोक्यात एवढंच होतं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण विळ्याच्या प्रत्येक ओढीला ते तिच्या श्वासात होतं.

आभाळ भरून यायला लागलं. कार्तिकात असं आभाळ कुणाला नको असतं. कापलेलं भात भिजलं तर पेंढीतच कोंब फुटतात. सगळं गाव वेड्यासारखं भारे वाहत होतं. हरिचंद्रही वाहत होता. डोक्यावर भारा घेतला की त्याची मान स्थिर व्हायची आणि पाय सरळ पडायचे. ओझ्याखाली तो बरा दिसायचा. खळ्यावर भारा टाकला की पुन्हा हात काय करावं ते न कळल्यासारखे लोंबायचे.

एका संध्याकाळी अंगणात ती त्याच्या पाठीतली भाताची कुसं काढत होती. पाठभर बारीक ओरखडे आले होते. वेणू समोर बसून चिंचोके खेळत होती.

"पुन्याला तुमी एकटेच नाय," सखू म्हणाली. "साहेब बोलला ना. तुमच्यासारखी खूप हाईत."

"मग रात्री सगळ्यांची हजेरी एकदम होत असल," तो म्हणाला.

ती घाबरली. मग तिला कळलं, तो थट्टा करत होता. तिनं कुस जरा जोरानं ओढलं. "आई गं," तो म्हणाला आणि वेणू हसली.

"बा, आयचा नाव घे," वेणू म्हणाली. "साहेब बोलला होता."

"तू घे."

"मना येतंय. सखू."

"आयशीचा नाव घेतंस? लाज नाय?" गोदूबाई आतून ओरडली.

हरिचंद्रनं तोंड उघडलं. सखूचा हात पाठीवर थांबला. त्याच्या बरगड्या फुगल्या, जणू नाव तिथंच कुठंतरी अडकलं होतं, आणि मग हळूहळू खाली बसल्या.

"सोमवारी घेन," तो म्हणाला. "गाडीत बसताना."

रविवार उजाडला तेव्हा फक्त नदीकडच्या खाचरातलं भात राहिलं होतं. सकाळी घुंगरू वाजलं नाही. हरिचंद्र उशिरापर्यंत झोपला होता, तोंड उघडं टाकून, पोरासारखा. सखूनं त्याच्या उशाला बसून घटकाभर त्याला बघितलं. आजचा दिवस, ती म्हणाली. मनातच.

नदीकडच्या खाचरात त्याला न्यायचं नव्हतं. तिनं त्याला खळ्यावर बसवलं, झोडणीच्या फळीपाशी. सासूला सांगितलं, "आत्या, तुमी हितनं हलू नका. मी वेणूला घेऊन जातंव, दोनच भारे हाईत."

"माझा लेक हाय तो," गोदूबाई म्हणाली. "तू नको शिकवू." पण ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि सुपात भात घेऊन पाखडायला लागली.

नदीकडच्या खाचराभोवती उंच गवत होतं. मधूनमधून करंजाची झाडं. नदी दिसत नव्हती, फक्त तिचा गारवा यायचा. पोराला झोळीत टाकून सखूनं झोळी करंजाला बांधली. दुपार चढली. वारा पडला. आभाळ खाली येऊन टेकल्यासारखं झालं. वेणू पेंढ्यांना बंद पुरवत होती. सखूच्या ओच्यात भाकरीचा तुकडा होता. तो खायचा राहिला होता.

"सखू!"

हाक नदीकडनं आली. गवताच्या पलीकडून, पाण्याच्या बाजूनं. एकच हाक. आवाज हरिचंद्रचा.

सखूच्या हातातली पेंढी तशीच राहिली. हरिचंद्र खळ्यावर होता, गावाच्या बाजूला. आणि हरिचंद्र तिला नावानं हाक मारत नाही. तो "वेणू गो" म्हणतो. भर दुपार. नदी. आणि नाव.

"आये," वेणू म्हणाली, "बा."

सखूनं झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला भाताची धूळ होती, पोरीला खोकला आला, तरी तिनं हात काढला नाही.

"ओ द्याची नाय," ती तिच्या कानात म्हणाली. "थांब. दुसरी येऊ दे."

दोघी वाकून बसल्या, गवताकडं बघत. एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली. झोळी जराशी हलली. सखूचं काळीज एवढं वाजत होतं की दुसरी हाक आली तर ऐकू येईल की नाही अशी तिला भीती वाटली. तिनं श्वास धरला. घामाचा थेंब भुवईवरून डोळ्यात गेला, तो तिनं पुसला नाही.

दुसरी हाक आली नाही.

थोड्या वेळानं तिनं वेणूच्या तोंडावरचा हात काढला. बाजूला थुंकली. पोराच्या कपाळाला मातीचं बोट लावलं. "गेली बाय," ती म्हणाली. "आसरा होती. बाचा आवाज काढून आली होती." आणि अंग हलकं झाल्यासारखं वाटून तिनं उरलेल्या पेंढ्या भराभर बांधल्या. भारा उभा केला. ओच्यातली भाकरी मोडून अर्धी वेणूला दिली, अर्धी आपण खाल्ली.

बांधावरून गोदूबाई येताना दिसली तेव्हा ती शेवटचा घास चावत होती. म्हातारी धावत नव्हती. चाली चालीनं येत होती, एका हातात सूप तसंच.

"म्हशी खळ्यात शिरल्या होत्या," ती लांबूनच म्हणाली. "मी नुसत्या हुसकल्या. हरी तुझ्याकडं आला ना गो?"

सखूच्या तोंडात भाकरी होती. ती तिला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

*

कान्हा श्रावणात आरोळ्या मारत पाण्यात उतरला होता. या वेळी गप्प उतरला. गावातले चार जण काठाला उभे राहिले. बूट काठावर होते. त्यांच्या नाड्या सोडलेल्या होत्या, गाठ न करता, नीट.

त्याला घरी आणलं तेव्हा पाऊस सुरू झाला. नदीकडच्या खाचरातले भारे कुणी आणले नाहीत. ते रात्रभर भिजले. सखूनं कुणाला काही सांगितलं नाही. बायका तिच्याभोवती बसून रडत होत्या, तिच्या बांगड्या फोडत होत्या, आणि ती आपलं तोंड बघत असल्यासारखी आपल्या उजव्या तळहाताकडं बघत होती. पोराला पाजायला घेतलं तर दूध उतरेना. पोर ओढून ओढून निळं पडलं, मग शेजारणीनं त्याला आपल्या अंगावर घेतलं. गोदूबाई भिंतीला टेकून एकच बोलत होती, "मी नुसत्या म्हशी हुसकल्या. नुसत्या म्हशी." तिच्यावर कुणी चिडलं नाही. सखूही नाही. सासूला बोल लावायला तिला तोंड नव्हतं.

सोमवारी गाडी आली. चिखलात चाकं रुतत होती म्हणून सुभेदारानं ती वेशीजवळ ठेवली आणि तो चालत आला. हातात एक घडी केलेलं कांबळं होतं, गाडीत पांघरायला म्हणून आणलेलं. अंगण बघितल्यावर तो कुंपणापाशीच थांबला. त्यानं टोपी काढली.

पाटील पुढं झाला. "पाय घसरला, साहेब," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज फुटला. "या खेपेला... काय सांगू? पावसाचं वातावरन, शेवाळ..."

"कोण होतं जवळ?"

"कुनी नव्हता. म्हातारी जरा उठली तेवढ्यात."

सुभेदारानं कांबळं ओटीवर ठेवलं. ते कुणाला द्यावं ते त्याला कळत नव्हतं. मग तो दाराशी बसलेल्या सखूकडं वळला. उजवा कान पुढं, नजर तिसरीकडं.

"बाई," तो म्हणाला, "विचारू नये, पण मला विचारावं लागतं. वर सांगावं लागतं, नियम चालतो का नाही चालत. मी त्याला हाक मारायला सांगितलं होतं. नाव घेऊन. त्यानं मारली नाही का?"

अंगणातली माणसं सखूकडं बघायला लागली. पागोळ्या गळत होत्या. कडीचं घुंगरू कुणीतरी कालच्या गर्दीत तोडलं होतं, सुतळी तेवढी लोंबत होती. सखूनं तोंड उघडलं. तिच्या बरगड्या फुगल्या आणि हळूहळू खाली बसल्या.

"नसेल मारली," सुभेदार स्वतःशीच म्हणाला. "जमत नाही पुष्कळांना."

तो कुंपणाकडं वळला. सखूला चिकटून बसलेली वेणू तेवढा वेळ नदीच्या बाजूला कान लावून होती. कालपासून ती तशीच होती. घास भरवला तर मान वळवायची नाही, हाक मारली तर हात वर करून सगळ्यांना गप्प करायची. आता तिनं आईची हनुवटी आपल्या दोन्ही हातांनी धरून आपल्याकडं वळवली आणि कुजबुजत विचारलं,

"आये, तू बोललीस थांब. दुसरी हाक कवा येल?"